धुतलेली जर्सी

अमेरिकेत माझ्या लेकीच्या शेजारी फ्रँक नावाचे म्हातारे गृहस्थ राहतात. आज सकाळी त्यांच्या व्हरांड्याच्या कठड्यावर लाल जर्सी वाळत होती. त्यांच्या लाडक्या फुटबॉल टीमची. कोच बदलेपर्यंत ती धुवायची नाही, नाहीतर नशीबही धुऊन जातं, असा त्यांचा नियम. म्हणजे टीमला नवा कोच मिळाला होता तर!

त्यांच्या शेजारी उभा माझा जावई वाद घालत होता. “हा कोच फारच पोरगेला आहे. कप जिंकणं विसरा.”

“मागच्या खेपेला रेफ्रीनं घात केला, नाहीतर कप आमचाच होता!” फ्रँक कडाडले. “याला तीन वर्षं द्या, मग बोला.”

तीन वर्षं! गेल्याच महिन्यात यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आणि एका अनोळखी पोराला हे आपली तीन वर्षं खुशाल देऊन मोकळे झाले. मी मात्र परवाच लेकीला सांगितलं होतं, “ही माझी इकडची शेवटची फेरी गं. गुडघे आता साथ देत नाहीत.” या वयात पुढच्या वर्षाचं नाव घ्यायलाही जीव बिचकतो. कुणावर तरी असा भरवसा टाकला, की ते वर्ष आपलं वाटू लागत असेल का?

मला पाहून फ्रँकनी हात हलवला. “तीन वर्षांनी फायनल बघायला आमच्याकडे यायचं!”

जर्सीतून अजून पाणी ठिबकत होतं.

“येते की,” मी म्हटलं. “पण तोवर ती धुवू नका.”