सोमवारचा चिंचोका

चिंच फोडायला बसलं की त्या आंबूस वासासरशी मला दुबलगुंडीच्या वाटेवरचं एक झाड आठवतं. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. तिथल्या माळावर नवं हायस्कूल होणार होतं, आणि शाळेपुढं बैलगाड्या सोडायला, सायकली लावायला किती जागा लागेल ते ठरवायला ओव्हरसियरसाहेबांनी मला, हैदराबादेतून नव्यानंच आलेल्या पोरसवदा मदतनिसाला, चिंचेखाली बसवलं होतं. दर गाडीमागं एक चिंचोका मडक्यात टाकायचा. ऊन डोक्यावर आलं तरी मडकं रिकामंच. रानात भाकरी घेऊन निघालेली माझ्याच वयाची एक मुलगी थांबून हसली. "कामून बसलाव उगं? आज सोमवार हाय, बसवण्णाचा वार. आमच्यात आज बैल जुंपत न्हाईत." मी ओशाळलो, शाळेचं सांगितलं. ती सावलीला टेकली. "पोरींना बी घेतेत का?" "व्हय," मी तिच्यासारखंच म्हणालो. ती बराच वेळ मोकळ्या माळाकडं बघत राहिली. "उद्या सासरची गाडी येयलीय मला न्यायला," म्हणाली, आणि खालचा एक चिंचोका उचलून माझ्या हातावर ठेवला. "चालत येणारी एक पोरगी बी धरा तुमच्या मोजणीत." दुसऱ्या दिवशी गाड्यांमागून गाड्या आल्या. त्यांतल्याच एकीत ती मागं तोंड करून बसली होती, माळ दिसेनासा होईपर्यंत बघत. नियमाप्रमाणं त्या गाडीचाही चिंचोका मी मडक्यात टाकला. तिनं दिलेला मात्र टाकला नाही. शाळेपुढं आता मोटारसायकलींना जागा पुरत नाही म्हणे. तो चिंचोका अजून माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.