मामांच्या कानाचा कागद

साऱ्या जिल्ह्यात मला शहाणा समजणारा एकच माणूस होता, आन् त्याला ऐकू येत नव्हतं. आमच्या मंडळीचे मामा. तोफखान्यात सोळा वर्षं काढून लासूर स्टेशनला येऊन राहिलेले. तोफेच्या बुडाशी उभं राहून गोळा भरायचा ही त्यांची नोकरी. त्यात उजवा कान पुरता गेला, डावा नावाला उरला. मी तव्हा शहरात, शहागंजात रिक्षा चालवायचो. शाळेचं म्हणाल तर एकदाच गेलो होतो, तिचं छप्पर शाकारायला. असल्या माणसाला मामा चारचौघांत म्हणायचे, "आमचे जावई लई हुशार. बोलतात ते तोलूनमापून." आता माझं शंभरातलं एखादंच त्यांच्यापर्यंत पोचायचं, मग तोललेलं वाटणारच की. मी बी कधी खुलासा केला नाय.

मामांचं सगळं फौजी. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं शहरात पेन्शनच्या हापिसात यायचे. पँटीची घडी अशी, की तिच्यावर काकडी चिरावी. बगलेत पत्र्याची चपटी पेटी, पेटीत फाईल, आन् फाईलीला युरियाच्या गोणीतलं प्लॅस्टिक गुंडाळलेलं. रिक्षात बसले तरी पाठ टेकायचे नाहीत. माझ्या रिक्षात इंजिन सोडून सगळ्याचा आवाज येतो असं बाकीची गिऱ्हाईकं म्हणायची. मामा उतरताना म्हणायचे, "गाडी एकदम चुपचाप चालते तुमची!" आन् त्यांना वाटायचं आपण बी हळूच बोलतो. एकदा शहागंजात धोतर घ्यायला गेलो. दुकानदार बिचारा थानावर थान उलगडत होता. मामा माझ्या कानाला लागून कुजबुजले, "जावईबापू, उठा! माणूस लबाड दिसतो!" त्या कुजबुजीनं समोरच्या अत्तरवाल्याची बाटली हातात थांबली. दुकानदार मात्र हसला, "फौजी साब, जरा धीरे. मेरी बीवी को भी यहीच शक है." मामांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला आन् धोतर तिथंच घेतलं. मला मात्र त्या गल्लीतून वर्षभर मान खाली घालून रिक्षा न्यावी लागली.

रिक्षा चालवता चालवता मागं वळून ओरडायचं म्हणजे समोरची म्हैस मांडीवर घ्यायची. एकदा घेतली बी. तव्हापासून मी खांद्यावरून हात वर करून बोटंच दाखवायला लागलो. चहा दोन. गाडी पाचला. हापिसात खोली नंबर सात. पुढं पुढं हाताला असं वळण पडलं, की कोणी मामांसमोर आकडा उच्चारला की माझी बोटं मला न विचारता उठायची. देवळात पुजारी म्हणला पाच प्रदक्षिणा घाला, की आमचा पंजा वर.

मामांना काय पाहिजे होतं, ते सांगतो. पोटापुरती पेन्शन तर होतीच. पण कान नोकरीत गेला म्हणून सरकार वेगळी पेन्शन देतं, ती त्यांना पाहिजे होती. आन् पैशापरीस जास्त तो कागद पाहिजे होता, की हा कान तोफेनं नेला. कारण गावातले म्हणायचे, वय झालं, म्हातारा बहिरा झाला. मामा उसळायचे, "वयानं गेला असता तर दोन्ही बरोबरीनं गेले असते! हा तोफेच्या बाजूचा गेलाय, बघा!" आन् उजवा कान धरून समोरच्याच्या नाकापुढं आणायचे.

पण अडचण त्यांचीच त्यांनी करून ठेवलेली. फौजेतून सुटताना डॉक्टरनं विचारलं होतं, कान कसाय? मामांनी टाच आपटून सांगितलं, "ठीक है साब!" सगळी तुकडी असंच सांगायची. तक्रार केली की तपासायला दवाखान्यात महिनाभर अडकवून ठेवायचे, आन् घरी मामांच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. मामा म्हणायचे, "सोळा वर्षांत एकदाच खोटं बोललो जावईबापू, आन् नेमकं तेवढंच कागदावर चढलं."

म्हणून अर्ज. अर्ज जायचा, नामंजूर होऊन यायचा. मी म्हणलं, मामा, सोडा आता. तर म्हणायचे, "पहिला गोळा निशाण्यावर पडत नसतो. कुठं पडला ते बघायचं, नळी जराशी सरकवायची, दुसरा टाकायचा." असे सहा गोळे पडले. सातव्याला वरून हुकूम आला, छावणीतल्या फौजी दवाखान्यात येऊन कान तपासून घ्या.

त्या दिवशी मी रिक्षा धुतली, स्वतःला बी धुतलं. डॉक्टरनं मामांना खोलीच्या मधोमध उभं केलं आन् आपण आठ-दहा पावलं पाठीमागं गेले. म्हणले, मी हळू आवाजात आकडे बोलतो, ऐकू आला तर तोच आकडा तुम्ही बोला. हे मी मामांना ओरडून समजावलं आन् पेटी बगलेत धरून भिंतीला टेकलो. भिंत नेमकी मामांच्या समोरची. डॉक्टर पुटपुटले, "चार." मामा गरजले, "चार!" "नौ." "नौ!" "सात." "सात!" डॉक्टर म्हणले, "कमाल है, इस उमर में ऐसा कान मैंने नहीं देखा." मला तर लई अभिमान वाटला. मी मान डोलवली, मामांची पाठ थोपटली. छावणीतून निघून शहागंजापर्यंत आलो, चौकात हवालदारानं मला "एक मिनिट" म्हणून थांबवलं, आन् माझं बोट वर उठलेलं मलाच दिसलं. तिथं मला घाम फुटला.

कान चांगला आहे, असा कागद आला. मंडळी म्हणली, "बहिरा माणूस परवडला, पण तुमच्यासारखा ऐकणारा नको!" दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं, आन् मागायची छाती मला नव्हती. मामांपुढं जाऊन मी सरळ पाय धरले. त्यांनी मला उठवलं. म्हणले, "चूक तुमची एकट्याची नाय. मला आकडा दिसला, मी बोललो. फौजेत समोर हुकूम दिसला की पाळायचा, कुठून आला ते इचारत बसायचं नसतं." मग पेटी उघडली, कोरा कागद काढला. "चला, नळी सरकवा." आठव्या अर्जात माझा सगळा गुन्हा सविस्तर लिहिला. खाली मी अंगठा उठवला.

पुन्हा बोलावणं आलं. तेच डॉक्टर. कागद वाचून माझ्याकडं बघितलं, "वो उंगलीवाले आप?" मी दोन्ही हात खिशात कोंबून म्हणलो, "जी." मला त्यांनी काचेच्या बाहेर बसवलं, आन् मामांना आतल्या बंद खोलीत, दोन्ही कानांवर यंत्र लावून. आवाज आला की बोट उचला, एवढंच सांगितलं.

कागद मिळाला, हे आधीच सांगून टाकतो. कान तोफांच्या आवाजानं गेला, असं सरकारनं लिहून दिलं. मामांनी लासूरच्या बाजारात पेढे वाटले, मी एकट्यानं सहा खाल्ले. पण मला आठवते ती काचेची खोली. डॉक्टर बाहेरून बटण फिरवायचे, आत आवाज सोडला की इकडं लाल दिवा लागायचा. मामांनी बोट नाय उचललं की आपलं काम झालं. मी मनातल्या मनात घोकत होतो, देवा, उचलू देऊ नको, उचलू देऊ नको. मग माझी नजर मामांच्या तोंडाकडं गेली. डोळे गच्च मिटलेले, मान पुढं काढलेली, कपाळाची शीर ताठ. लांबच्या शिवारातून कोणी हाक मारतंय आन् ती आपल्यालाच आहे का, हे ऐकायला माणूस जीव गोळा करतो ना, तसं. अर्ज, पेन्शन, कागद, त्यांच्या ध्यानात बी नव्हतं. आवाज ऐका म्हणून सांगितलं होतं, मामा ऐकायला बघत होते. दिवा लागला, विझला. पुन्हा लागला. गुडघ्यावरचं बोट हललं नाय. मी खिशात मुठी आवळल्या आन् माझं मागणं बदललं. म्हणलं, देवा, एकदा तरी उचलू दे.