शेतातला बिननावाचा घुमट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुरातत्त्व खात्यात आरेखक होते. जुन्या वास्तूंची मापं घ्यायची, नकाशे काढायचे. कुठली वास्तू संरक्षित करावी याची शिफारस आमचे साहेब वर पाठवत.

एका उन्हाळ्यात आम्ही राहुरीकडे दोन घुमट पाहायला गेलो. पहिल्यावर फारसी शिलालेख होता, साहेब खूश झाले. दुसरा ज्वारी काढून मोकळ्या पडलेल्या रानात एकटाच उभा होता. आत एक कबर, तिच्यावर हिरवी चादर. शेजारच्या वस्तीवरची एक मुसलमान मावशी तिथं झाडलोट करायची.

बाहेर रणरणतं ऊन, आत मात्र विहिरीत उतरल्यासारखा गारवा. उन्हातून आल्यामुळे काही दिसेना. साहेब मागोमाग आलेत असं वाटून मी टेपचं टोक पुढं केलं. ते हातातून अलगद घेतलं गेलं.

"धरलं का, सर?"

"हं."

टेप कोपऱ्यापर्यंत ताणली गेली. मी माप टिपून घेतलं, टेप गुंडाळत बाहेर आले. साहेब चिंचेखाली मावशीशी बोलत होते.

"सर, आत्ता आत होतात ना?"

"मी? आल्यापासून इथंच बसलोय."

मावशीनं माझ्याकडं नीट पाहिलं. "भिऊ नका ताई. मी झाडाया लागले की मला बी कुनीतरी सरून जागा देतं."

साहेब हसले.

"कबर कुणाची आहे?" त्यांनी तिला विचारलं.

"नाव न्हाई ठावं. बाईची हाय, येवढंच सासू सांगायची."

"नाव नाही, लेख नाही. मी वर काय कळवू?"

"मग हे ऱ्हाईल का न्हाई, ते कोन ठरवनार?"

"वरचे," साहेब म्हणाले आणि जीपकडे निघाले. वाटेत मी दोन्ही घुमटांची शिफारस करू या म्हणाले. ते म्हणाले, "एकच मंजूर झाला तरी खूप."

पहिल्या घुमटाला संरक्षित स्मारकाचा निळा फलक लागला. काही वर्षांनी त्या बाजूला गेले, तर शेतातला घुमट जागेवर नव्हता. दगड ट्रॅक्टरनं गेले, कुणी नेले ते गावात कुणी सांगेना. मावशी वस्तीवर तिच्या घरी भेटली.

"कुणी अडवलं नाही?"

"कशाच्या जोरावर अडवनार, ताई?" तिनं चुलीवर चहा ठेवला.

थोड्या वेळानं मी हळूच विचारलं, "आणि ती, कबरीतली?"

"तिला घरी आनली." तिनं कोपऱ्यात अंथरलेल्या हिरव्या चादरीकडं पाहिलं.

मी दाराकडं पाठ करून बसले होते. उठून, वाट सोडून, भिंतीला टेकून बसले.