खांब कोण धरणार?

पंच्याऐंशीच्या सुमारास मी मुलुंडला शेतीयंत्रांच्या दुकानात विक्रेता होतो. ट्रॅक्टरमागे जोडून कुंपणाचे खांब ठोकायची दोन यंत्रं आमच्याकडे होती. गिरणीतली नोकरी सुटलेला एक कोकणी माणूस ती बघायला ओळीने तीन शनिवार आला. चपला दाराशी काढायचा, यंत्राच्या घणावर नखाने टकटक करून कान द्यायचा. किंमत त्याने कधी विचारलीच नाही.

तिसऱ्या शनिवारी म्हणाला, "यातलं एकट्याला कुठलं जमेल?"

"एकही नाही. एकाने ट्रॅक्टरवर बसायचं, दुसऱ्याने खांब सरळ धरायचा."

"दुसरा म्हणजे भाऊच. गावच्या घरात तेवढाच आहे."

"मग अडचण काय?"

"कुंपण त्याच्या-माझ्या मधेच घालायचंय ना!"

त्याने चपला घातल्या. पुन्हा काही तो आला नाही. पुढे गिऱ्हाइकाला यंत्र दाखवण्याआधी मी विचारायचो, खांब कोण धरणार?