मला न विचारलेलं प्रीमियम

साडभावाच्या गाडीत प्रीमियम पेट्रोल जातं हे मला अकोल्याच्या पंपावर कळलं आणि त्या दिवशीच्या पुरणाच्या धोंड्यांची चवच गेली.

अधिकमास होता. या महिन्यात जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावण्याची आमच्या सासरीही रीत आहे. सासर बार्शीटाकळीचं. मी अमरावतीहून, साडभाऊ अकोल्याहून, दोघंही बायकांसह निघालो होतो, आणि पंपावर भेटून पुढं सोबत जायचं ठरलं होतं. मी थोरला जावई, माझी गाडी अकरा वर्षांची. तो धाकटा, त्याची पांढरी गाडी दोन महिन्यांची. रांगेत तो पुढे, मी मागे. पेट्रोल भरणाऱ्या बाईने त्याला विचारलं, "प्रीमियम का साधं?" मान न वळवता तो म्हणाला, "प्रीमियम."

मग ती माझ्याकडे आली. गाडीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "झिरो पाहून घ्या." मला विचारलंच नाही. साध्याची नळी तिच्या हातात तयार होती.

"मलेबी प्रीमियमच," मी म्हणालो.

"काका, या गाडीले काई फरक नाही पडत त्यानं."

ते मलाही ठाऊक होतं. माझा मेकॅनिक दर सर्व्हिसिंगला तेच सांगतो, की गाडीच्या पुस्तकात साधं लिहिलंय तर उगाच पैसे कशाला जाळता. पण साडभाऊ त्याच्या आरशातून बघत होता. मी टाकी फुल करून घेतली. बायको शेजारी गालातल्या गालात हसत होती, मला तिचाही राग आला.

खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखत होतं ते त्याच्या गाडीमुळे नव्हे, त्या गाडीतल्या पुढच्या सीटमुळे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. लग्नानंतर सासरे मिळाले आणि मी त्यांना मामाजी म्हणत म्हणत मनातून बाप करून टाकलं. गाडी घेतल्यापासून बियाणं आणायला, लग्नांना, दवाखान्यात, ते माझ्याच शेजारी बसून गेले. एकच गोष्ट खटकायची. बसले की पाच मिनिटांत झोपायचे. मला वाटायचं, माझ्याशी बोलावंसंच त्यांना वाटत नाही. पांढरी गाडी आली तसे ते तिकडे बसू लागले, आणि ऐकिवात होतं की तिथं ते चांगले जागे असतात.

जेवायला दोघांचे पाट शेजारी शेजारी. सासूबाईंनी दोघांना धोंडे सारखे वाढले, टॉवेल-टोपी सारखी दिली. मी तुपावर नजर ठेवून होतो. त्याच्या वाटीत जास्त होतं.

दुपारी मामाजींचे डोळे दाखवायला अकोल्याला जायचं होतं. एका गाडीत काम भागलं असतं, पण आम्हा दोघांपैकी मागे राहायला कुणी तयार नव्हतं. बायका घरी थांबल्या आणि दोन्ही गाड्या निघाल्या. मामाजी सरळ पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. मी मागून एकटाच. मागच्या काचेतून त्यांचा वर केलेला हात सगळा रस्ताभर दिसत होता. कसे रुबाबात बसलेत बघा, असं मी स्वतःशीच म्हणालो आणि अंगाचा तिळपापड होऊ दिला.

दवाखान्यात मामाजींना आत नेलं. आम्ही दोघं बाकावर. मग तोच म्हणाला, "भाऊ, एक सांगू? मी साधंच टाकतो. तुमी मांगं उभे होते म्हून प्रीमियम म्हणलो."

मी भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचत राहिलो.

"मामाजी तुमच्या गाडीत झोपतेत," तो पुढे म्हणाला. "माह्या गाडीत दोन महिने झाले बसून राहिले, पण एक डाव डोळा नाही लागला त्याइचा. वरची दांडी धरून बसतेत. मी कितीबी हळू चालवली तरी सोडत नाहीत."

मी त्याची समजूत घालायला हवी होती. मी थोरला. नव्या गाडीची सवय व्हायला वेळ लागतो, एवढं जरी म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मला इतका आनंद झाला होता की तोंड उघडायची भीती वाटली.

मामाजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, धड दिसत नव्हतं. साडभाऊ चपला शोधत होता. मी मामाजींचा हात धरला आणि त्यांना माझ्या गाडीकडे घेऊन गेलो.

सीटला पाठ टेकताच त्यांनी विचारलं, "तुमची गाडी हाय ना, जवाई?"

"हो."

"बरं."

अकोला सुटायच्या आत त्यांची मान कलली. मी गाडी चाळीसवर आणली. आरशात पांढरी गाडी दिसत होती. एकमेकांना दाखवायला भरलेलं प्रीमियम दोघांच्याही टाकीत होतं. त्याने एकदा हॉर्न दिला. मी मामाजींच्या बाजूची काच वर केली आणि बार्शीटाकळीपर्यंत त्याला साइड दिली नाही.