मोरीतली मंडळी

अंबडची कंपनी बंद पडली, तवापासून मी कॉलेजात झाडलोट करते. तिथले एक सर डबा उघडला की आधी दोन शितं तळ्याच्या पाण्याच्या बाटल्यांत टाकायचे. "आमच्या अमीबांचा नैवेद्य," म्हणायचे.

बाटल्या लय वास मारायच्या, म्हणून एकदा मी त्या मोरीत ओतून लख्ख घासल्या. सरांनी कपाळाला हात लावला. वाटलं, ही नोकरीबी गेली.

सर मोरीशी उकिडवे बसले, थेंबभर गाळ उचलून बारीक ते मोठं दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवला, बघितलं नि हसले. "मावशी, मंडळी शाबूत आहेत! या, बघा. दिसतात सारखी, पण घराणी निरनिराळी, माणसापेक्षा कितीतरी जुनी."

मी डोळा लावला. एका अमीबानं वाळूचे कण जोडून अंगावर घर बांधलेलं. म्हटलं, "मीबी एकेक वीट आणूनच घर उभं केलं, सर."

"मग उद्या मोरीत फिनेल टाकू नका."

उद्याचं नाव घेतलं, तवा माझा जीव भांड्यात पडला.