घमेल्यातलं पाणी आणि धरणातलं

फोंडाघाटाजवळच्या एका छोट्या मातीच्या धरणावर धोंडू परब चौकीदार आहे. पाण्याची पातळी रोज वहीत लिहायची आणि पाळी आली की कालव्यात पाणी सोडायचं, हे त्याचं काम. गेल्या फेब्रुवारीत दरवाजा बंद असूनही पाणी भराभर उतरायला लागलं. लोक म्हणाले, ऊनच तसं आहे. धोंडूला ते पटेना. ऊन पितं तरी किती?

त्याने बांधावर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं. कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून मिठबावच्या मेव्हण्याकडचं मासेमारीचं जुनं जाळं वर पसरलं. आठ दिवसांत घमेलं दोन बोटं उतरलं आणि धरण पाच. म्हणजे तीन बोटं पाणी दुसरीकडेच कुठेतरी जात होतं.

मग तो रोज सकाळी बांधाच्या पायथ्याने हिंडू लागला. चौथ्या दिवशी हौसाबाईच्या मळ्याशी थबकला. आजूबाजूला सगळं करपलेलं, आणि तिचं वायंगणी, म्हणजे उन्हाळी भात गुडघाभर हिरवं.

"काकी, ह्या पाणी खंयसून येता?"

"माका काय ठावक? चार वर्सां झाली, झरो आटणा नाय. देवाचा पाणी, रे."

धोंडूने त्या झऱ्यावर बाटली भरून घेतली. संध्याकाळपर्यंत तिच्या तळाशी तांबड्या मातीचा थर बसला होता. बांधाची मातीही तशीच तांबडी. 

दुसऱ्या दिवशी बाटली पिशवीत घालून तो एसटीने जिल्ह्याच्या गावी, ओरोसला गेला. पाटबंधारे कार्यालयातल्या इंजिनियरबाईंनी बाटली उजेडात धरली.

"परब, मातीचं धरण थोडं झिरपतंच. पण पाण्याबरोबर माती यायला लागली, म्हणजे बांध आतून पोखरतोय."

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः धरणावर आल्या. आधी कालव्यात पाणी सोडून धरणाची पातळी उतरवली. मग पायथ्याशी वाळू आणि खडीचे थर घातले, माती अडावी आणि पाणी तेवढं निघावं म्हणून. महिनाभर काम चाललं.

झऱ्याचं पाणी निवळलं, पण निम्म्यावर आलं. हौसाबाईचं अर्धं भात वाळलं आणि पाऊस लागेपर्यंत ती धोंडूशी बोलली नाही. नंतर एकदा बांधावर येऊन तिने विचारलं, बांध खरंच फुटला असता का. फुटला असता तर पहिला तुझाच मळा गेला असता, असं त्याने सांगितलं. 

यंदा तिने भाताऐवजी कमी पाण्यावर येणारी चवळी लावली आहे. धोंडूला नवा प्रश्न पडलाय: अमावास्या-पुनवेला, समुद्राच्या भरतीसारखा, झरा खरंच वाढतो, की त्यालाच तसं वाटतं?